साका, तापलेला कातळ आणि प्रयोगाचे गणित

एप्रिल उजाडला की रत्नागिरीच्या हापूसची पेटी घरी येते आणि ती उघडताच वासाने घर भरून जाते. फळ बाहेरून निर्दोष असते. साल पिवळीधमक, डाग नाही, देठाजवळ कुज नाही. सुरी फिरवल्यावर मात्र कधीकधी कोयीलगतचा गर फिकट, भुसभुशीत आणि आंबट निघतो. कोकणात या विकाराला ‘साका’ म्हणतात. आंबा कापेपर्यंत तो ना बागायतदाराला कळतो, ना दलालाला, ना गिऱ्हाइकाला. त्यामुळे डझनात दोन-तीन फळे अशी निघाली की गिऱ्हाईक उरलेल्या फळांकडेही संशयाने पाहू लागते आणि त्याचा भुर्दंड अखेरीस बागेपर्यंत पोहोचतो.

साक्याची नोंद नवी नाही. १९३२ आणि १९३३ साली हापूस युरोपात पाठवण्याचे प्रयत्न झाले. त्यांचा अहवाल मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यातर्फे जी. एस. चीमा आणि पी. जी. दाणी यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यात या विकाराचा उल्लेख आला. त्याला आता नऊ दशके उलटली. एवढ्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला, पण आंब्याच्या गरातला हा पांढरा डाग नेमका कशामुळे पडतो यावर शास्त्रज्ञांचे आजही पूर्ण एकमत नाही. याचा अर्थ संशोधन झाले नाही असा नव्हे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले, तेव्हापासून आणि त्याआधीपासूनही साक्यावर प्रयोग होत आले आहेत. अडचण प्रयोगकर्त्यांच्या कुवतीत नसून प्रश्नाच्या स्वरूपात आहे.

साका हा सर्वसाधारणपणे रोग मानला जात नाही, तर फळाच्या शरीरक्रियेतील बिघाड मानला जातो. निरोगी हापूस पिकतो तेव्हा गरातील पिष्टमय पदार्थाचे साखरेत रूपांतर होते, आम्लता उतरते आणि केशरी रंगद्रव्ये वाढतात. साक्याच्या गरात ही वाटचाल अर्ध्यावर अडते. पिष्ट शिल्लक राहते, साखर कमी पडते, आम्लता टिकून राहते आणि रंग फिका राहतो. पिष्टाचे विघटन करणारे विकर तेथे मंदावलेले आढळते. हे सारे प्रयोगशाळेत मोजता येते आणि मोजलेही गेले आहे. परंतु ‘काय बिघडले’ हे मोजणे आणि ‘कशामुळे बिघडले’ हे ठरवणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी उत्तम उपकरणे पुरतात. दुसरीसाठी एखादी परिस्थिती मुद्दाम बदलावी लागते, बाकीच्या जागच्या जागी धरून ठेवाव्या लागतात आणि मग काय घडते ते पाहावे लागते.

पहिला संशय उन्हावर

रत्नागिरी जिल्ह्यातील कितीतरी कलमे जांभ्याच्या कातळावर उभी आहेत. सुरुंग लावून खड्डे केले, बाहेरून माती आणून भरली आणि त्यात कलमे जगवली, असा त्या बागांचा इतिहास आहे. उन्हाळ्यात हा कातळ दुपारी असा तापतो की अनवाणी पाऊल टेकवत नाही. खालून वर येणारी ही धग लोंबत्या फळांना लागते आणि त्यातून साका होतो, हा अंदाज म्हणूनच स्वाभाविक होता. दापोलीचे व्ही. आर. गुंजाटे आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काढणीनंतर हापूसची फळे उन्हात ठेवली असता त्यांच्यात हा अंतर्गत बिघाड निर्माण होतो, असे दाखवले. काढलेला आंबा लगेच सावलीत न्यावा, काढणी सकाळी किंवा उन्हे कलल्यावर करावी, हा बागायतदारांना दिला जाणारा सल्ला याच विचाराशी जुळणारा आहे.

हा प्रयोग महत्त्वाचा होता, पण त्यातून नेमके काय सिद्ध होते हे बारकाईने पाहायला हवे. उन्हात ठेवलेल्या फळांत साका झाला, म्हणजे उष्णता साका घडवू शकते. झाडावर जो साका होतो तो उष्णतेनेच होतो, हे मात्र त्यातून आपोआप सिद्ध होत नाही. ठिणगीने गवत पेटते. म्हणून पेटलेल्या प्रत्येक गवतामागे ठिणगीच होती, असे म्हणता येत नाही. एखादी परिस्थिती परिणाम घडवण्यास पुरेशी आहे का आणि ती अपरिहार्य आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकासाठी वेगळा प्रयोग रचावा लागतो. वर्तमानपत्री बातम्यांत ‘अमुकमुळे तमुक होते’ असे एका वाक्यात जे सांगितले जाते, त्यात हा फरक बहुधा हरवलेला असतो.

शिवाय उन्हात ठेवल्याने केवळ तापमानच बदलते असे नाही. प्रकाश वाढतो, सालीतून पाणी अधिक उडते, फळाची एक बाजू तापते आणि दुसरी तुलनेने थंड राहते. यातला दोषी कोण, हे शोधायचे तर काही फळे उन्हात, काही तेवढ्याच तापमानाच्या अंधाऱ्या कपाटात, काही त्याच कपाटात पण दमट हवेत आणि काही सावलीत ठेवावी लागतील. शेवटचा गट सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत आवश्यक असतो. त्याच्यावर काहीही प्रयोग केलेला नसतो. तो असतो केवळ तुलनेसाठी. कारण हापूसच्या कोणत्याही ढिगात काही फळांत साका मुळातच असतो. उन्हात ठेवलेल्या शंभरांपैकी तीसांत साका निघाला, या वाक्याला सावलीतल्या शंभरांचा आकडा कळल्याशिवाय काडीचाही अर्थ नाही.

शंभर फळे की पाच झाडे?

येथे संख्याशास्त्राचा प्रवेश होतो आणि त्यात मराठी वाचकाला अभिमान वाटावा असा एक दुवा आहे. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९१९ पासूनच्या कामातून प्रयोग कसा रचावा याचे शास्त्र उभे केले आणि १९३५ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. भारतातल्या शेतीशास्त्रज्ञांच्या हाती ते शास्त्र दिले ते विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोघांनी. १९५४ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केलेला त्यांचा संख्याशास्त्रीय पद्धतींवरील ग्रंथ देशभरच्या कृषी विद्यापीठांत पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. कृषी पदव्युत्तर प्रबंधांच्या संदर्भसूचीत ‘पानसे आणि सुखात्मे’ ही जोडी इतक्या वेळा येते की कित्येक विद्यार्थ्यांना ते एकाच माणसाचे नाव वाटत असावे.

त्या शास्त्राचा एक धडा साक्याच्या बाबतीत फार उपयोगाचा आहे. समजा, दहा कलमे घेतली. पाचांच्या बुंध्याभोवती गवताचे आच्छादन घातले, पाच उघडी ठेवली आणि प्रत्येकावरून ४० फळे काढून कापली. एकूण ४०० फळे झाली. आकडा भारदस्त वाटतो. पण एका कलमावरच्या ४० फळांची मुळे एक, माती एक, वय एक आणि वारा एकच असतो. त्यांतले एक बिघडले तर दुसरेही बिघडण्याची शक्यता मुळातच जास्त. आच्छादन फळांना घातलेले नाही, झाडांना घातलेले आहे. म्हणून प्रयोगाचे खरे एकक झाड आहे आणि तुलना ४०० फळांची नसून पाच झाडांची पाच झाडांशी आहे. फळे दुप्पट कापली तर प्रत्येक झाडाचा आकडा अधिक नेमका होईल, पण झाडे पाचच राहतील. हे विसरल्याने जगभरात कितीतरी प्रयोगांचे निष्कर्ष प्रत्यक्षात होते त्याहून ठाम दिसले आहेत.

दुसरा धडा निवडीचा. कोणत्या झाडाला आच्छादन घालायचे हे प्रयोगकर्त्याने ठरवले तर, नकळत का होईना, वाटेलगतची, सोयीची, टवटवीत झाडे एका गटात जातात. म्हणून ती निवड चिठ्ठ्या टाकून करावी लागते. आणि बाग डोंगरउतारावर असेल, एक बाजू समुद्राच्या वाऱ्याला उघडी आणि दुसरी आडोशाला असेल, तर आधी सारख्या परिस्थितीतील झाडांचे लहान पट्टे पाडायचे आणि प्रत्येक पट्ट्याच्या आत चिठ्ठ्या टाकायच्या. कोकणासारख्या चढउताराच्या मुलखात हे न करता काढलेला निष्कर्ष कलमांविषयी काही सांगत नाही, फार तर उताराविषयी सांगतो.

आच्छादनाचा कोडेबंद पुरावा

आच्छादनाचे उदाहरण काल्पनिक नाही. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात गुजरात कृषी विद्यापीठातील जे. एस. कात्रोदिया आणि सहकाऱ्यांनी जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेचा साक्याशी संबंध जोडला आणि झाडाखालची जमीन आच्छादली तर साका कमी होतो असे मांडले. बागायतदाराच्या दृष्टीने हे उत्तर पुरेसे आहे. त्याला साका कमी व्हायला हवा. तो कशाने कमी झाला याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नसते. शास्त्राच्या दृष्टीने मात्र प्रश्न इथेच सुरू होतो. कारण गवताचा थर जमीन थंड ठेवतो तसाच ओलही धरतो, तण दाबतो, सूर्यप्रकाशाचे परावर्तन बदलतो आणि कुजल्यावर अन्नद्रव्येही पुरवतो. एक परिस्थिती बदलायला गेलो आणि पाच बदलल्या.

यावर फिशर यांच्या परंपरेतला उपाय म्हणजे दोन गोष्टी एकाच प्रयोगात आडव्या-उभ्या लावून पाहणे. काही झाडांना आच्छादन, काहींना केवळ पाणी, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. नुसत्या पाण्यानेही साका तेवढाच उतरला, तर श्रेय ओलाव्याचे. पाण्याने काहीच झाले नाही आणि आच्छादनाने झाले, तर धगीवरचा संशय बळावतो. दोन्ही मिळून परिणाम बेरजेपेक्षा जास्त आला, तर त्या दोहोंचे एकमेकांशी काही नाते आहे, जे त्यांना वेगवेगळे तपासून कधीच दिसले नसते. ‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ हा शाळेत शिकवला जाणारा नियम चांगला आहे, पण तो पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

कॅल्शियमची कथा याच मासल्याची. गुंजाटे आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये फळातील कॅल्शियम आणि साका यांच्या संबंधावर काम प्रसिद्ध केले आणि काढणीपूर्वी व काढणीनंतर कॅल्शियम देऊनही पाहिले. साक्याच्या गरात कॅल्शियम कमी आढळणे हे निरीक्षण झाले. कॅल्शियम कमी म्हणून साका झाला, की साका झाल्यामुळे कॅल्शियम कमी झाले, की दोन्ही तिसऱ्याच कारणाचे परिणाम, हे निरीक्षणातून कळत नाही. कॅल्शियम देऊन पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

कोणते तापमान?

‘तापमान वाढवले’ असे प्रयोगाच्या अहवालात लिहिलेले असते. पण कोणाचे? हवेचे, सालीचे, की कोयीलगतच्या गराचे? वेधशाळा मोजते ते सावलीतल्या हवेचे तापमान. उन्हात लोंबणारे फळ त्याहून गरम असते, कातळ त्याहूनही गरम, आणि फळाच्या पोटातला गर या सर्वांच्या मागून, सावकाश तापतो व सावकाश निवतो. साका सुरू होतो तो कोयीजवळ, म्हणजे उन्हापासून सर्वांत दूर. उष्णतेच्या सिद्धांतापुढचा हा एक अडचणीचा मुद्दा आहे. बाहेरून येणारी धगच कारण असेल तर सालीलगतचा गर आधी बिघडायला हवा होता, असे कोणीही विचारील.

फळाच्या आतले तापमान मोजण्याला किती महत्त्व आहे, हे आंब्याच्या निर्यातीने चांगलेच शिकवले. जपानने भारतीय आंब्यावरची दोन दशकांची बंदी २००६ मध्ये उठवली ती एका अटीवर. फळमाशीची अंडी व अळ्या मारण्यासाठी गरम बाष्पयुक्त हवेने फळाच्या गराचे तापमान ४७.५ अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन ते २० मिनिटे टिकवायचे. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंबा थांबवला आणि जानेवारी २०१५ मध्ये बंदी मागे घेतली. त्यानंतर तिकडे जाणाऱ्या आंब्यासाठी ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटे बुडवण्याची प्रक्रिया रूढ झाली. राज्य कृषी पणन मंडळाच्या रत्नागिरीतील निर्यात सुविधा केंद्रातही अशा प्रक्रियेची यंत्रणा आहे. बाष्पाच्या प्रक्रियेत तापमापकाची सुई फळाच्या आत, कोयीच्या दिशेने खोचलेली असते, कारण मिनिटे मोजायची ती गर तापल्यापासून. मोठे फळ उशिरा तापते, लहान लवकर. म्हणून फळांची आकारानुसार प्रतवारी करणे हा केवळ दिखाऊपणा नसतो.

४७.५ अंश आणि २० मिनिटे हे आकडे कोठून येतात? अळ्या असलेली फळे वेगवेगळ्या तापमानांत, वेगवेगळ्या वेळेसाठी ठेवून किती मेल्या ते मोजले जाते. येथेही तुलनेच्या गटाशिवाय चालत नाही, कारण काही अळ्या न तापवताही मरतात. समजा, तापवलेल्या १०० पैकी ६० मेल्या आणि न तापवलेल्या १०० पैकी १०. तर उष्णतेचा परिणाम ६० टक्के नव्हे. न तापवताच १० जाणार होत्या. उरलेल्या ९० पैकी ५० उष्णतेने मेल्या, म्हणजे सुमारे ५५.६ टक्के. ही दुरुस्ती १९२५ मध्ये अमेरिकेतील डब्ल्यू. एस. अ‍ॅबट यांनी सुचवली आणि ती आजही कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळांत रोज वापरली जाते.

पुढचा प्रश्न असा, की किती टक्के मेल्या म्हणजे पुरे? फळमाशीसाठी अमेरिकेत १९३९ पासून रूढ झालेली कसोटी ९९.९९६८ टक्क्यांची आहे, म्हणजे दहा लाखांत जास्तीत जास्त ३२ जिवंत. आणि हे ९५ टक्के खात्रीने म्हणायचे तर ९३ हजार ६१३ कीटकांवर प्रक्रिया करून एकही वाचता कामा नये. एवढा मोठा आकडा पाहून दडपून जायला होते, पण त्यामागचे तर्कशास्त्र सरळ आहे. दुर्मीळ घटना घडत नाही असे सांगायचे असेल, तर ती घडण्याची संधी अनेकदा द्यावी लागते. दहा फळांत अळी जिवंत सापडली नाही, यावरून कंटेनरभर आंब्याविषयी काही बोलता येत नाही.

काय मोजायचे हेही प्रक्रियेनुसार बदलते. अमेरिकेला २००७ पासून जाणारा आंबा गरम केला जात नाही, त्यावर ४०० ग्रे मात्रेचे किरणन होते. त्यासाठी नाशिक जिल्ह्यातील लासलगावचे केंद्र वापरात आले. या मात्रेने अळी तत्काळ मरतेच असे नाही. तिची पुढची वाढ थांबते आणि प्रजनन होत नाही. त्यामुळे किरणनाच्या प्रयोगात मेलेल्या अळ्या न मोजता, त्यांतून किती प्रौढ माश्या बाहेर पडल्या हे मोजतात. मृत्यूच मोजत बसलो असतो, तर ही प्रक्रिया निकामी ठरली असती.

उष्णता एक, परिणाम दोन

आता एक विसंगती लक्षात येते. उन्हात ठेवलेल्या हापूसमध्ये बिघाड होतो आणि तोच हापूस तासभर ४८ अंशांच्या पाण्यात राहून परदेशी बाजारात खाण्याजोगा पोहोचतो. मर्यादेबाहेर तापवले तर त्यालाही इजा होते, साल भाजते, गर नीट पिकत नाही. पण मर्यादेत तो टिकतो. याचा अर्थ ‘किती तापमान’ हा प्रश्न एकटा अपुरा आहे. किती वेळ, कोणत्या अवस्थेतील फळ, किती वेगाने तापवले आणि नंतर किती वेगाने निववले, हे सर्व धरून परिणाम ठरतो.

तापमानाचा परिणाम सरळ रेषेतही जात नाही. जीवरासायनिक क्रिया साधारणपणे दर १० अंशांना दुप्पट ते तिप्पट वेगवान होतात. हवाबंद बरणीत आंबा ठेवून त्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजला की हे दिसते. परंतु एका टप्प्यानंतर विकरांची रचनाच ढासळू लागते आणि वेग कोसळतो. दुसऱ्या टोकाला, १२-१३ अंशांखाली फार काळ ठेवलेला हापूस थंडीने दुखावतो. दोनच तापमाने निवडून प्रयोग केला, एक चढणीवरचे आणि एक उतरणीवरचे, तर दोन्हीकडे सारखाच आकडा येऊन ‘तापमानाचा काही परिणाम नाही’ असा हास्यास्पद निष्कर्षही निघू शकतो. म्हणून निदान चार-पाच तापमाने घ्यावी लागतात. आणि कपाटात तापमान चोवीस तास एकच ठेवणे सोपे असले, तरी बागेत ते रात्री उतरते आणि दुपारी चढते. सरासरी तीच ठेवून चढउतार काढून टाकला, तर फळाने अनुभवलेली परिस्थिती ती उरत नाही.

याच ‘कोणत्या अवस्थेतील फळ’ या प्रश्नातून साक्याचा दुसरा मोठा सिद्धांत पुढे आला. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील एस. शिवशंकर आणि सहकाऱ्यांनी २०००च्या दशकापासून संशयाची सुई उन्हावरून कोयीकडे वळवली. आंब्याचे बी ज्वारी-गव्हासारखे सुप्तावस्थेत महिनोन्‌महिने राहत नाही. ते ओलसर असते आणि रुजायला उतावीळ असते. फळ झाडावर असतानाच बी आतल्या आत रुजण्याच्या तयारीला लागले, तर ते भोवतालच्या गराकडून पाणी व अन्न ओढू लागते आणि गराचे पिकणे बिघडते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. साका कोयीजवळच का सुरू होतो, याचे उत्तर या मांडणीत सहज मिळते. बियातील हे बदल रोखण्याच्या विचारातून संस्थेने ‘अर्का साका निवारक’ हे द्रावण विकसित केले. ते फळ पूर्ण तयार होण्याआधी झाडावरच द्यायचे असते.

दोन सिद्धांत समोर असले की जुनी निरीक्षणे नव्याने वाचावी लागतात. कोकणात आंब्याची पक्वता आण्यांत सांगण्याची पद्धत आहे, बारा आणे, चौदा आणे, सोळा आणे. साका टाळण्यासाठी चौदा आण्यांवर, म्हणजे सुमारे ८५ टक्के पक्वतेला आंबा काढावा, ही शिफारस बागायतदारांच्या अंगवळणी पडली आहे आणि ती उपयोगी ठरते. उष्णतेचा सिद्धांत म्हणतो, लवकर काढल्याने फळाचे धगीतले दिवस कमी झाले. बियाचा सिद्धांत म्हणतो, बी रुजण्याच्या तयारीला लागण्याआधीच फळ झाडावरून उतरले. दोघेही बरोबर असू शकतात, कारण झाडावर एक दिवस जास्त म्हणजे उन्हाचाही एक दिवस जास्त आणि बियाच्या वयाचाही. मोठ्या वजनाच्या फळांत साका अधिक आढळतो, हेही दोन्ही बाजूंना आपापल्या परीने लावता येते. जो पुरावा दोन्ही पक्षांना सारखाच सोयीचा असतो, त्याने खटला निकालात निघत नाही.

वाणांचा पुरावा थोडा अधिक बोलका आहे. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ हे वाण दिले. त्यात साका होत नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून १९९२ मध्ये ‘सिंधू’ आले. त्याची कोय अतिशय पातळ आणि फळ साकामुक्त. सिंधूकडे पाहिले की बियाचा सिद्धांत पटतो. पण रत्नाला चांगली कोय असते आणि ते त्याच कोकणातल्या उन्हात वाढते. तेव्हा नुसती कोय असणे किंवा नुसते ऊन लागणे पुरेसे नाही, हापूसच्या पिंडात काहीतरी निराळे आहे. बाजाराने मात्र रत्नाला हापूसची जागा दिली नाही. चवीच्या बाबतीत गिऱ्हाईक प्रयोगाचे ऐकत नाही.

खटला निकालात काढणारा प्रयोग कसा असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. एकाच दिवशी धरलेल्या फळांना खुणेच्या चिठ्ठ्या बांधायच्या. काही फळांभोवती झाडावरच हवा थंड ठेवायची, काहींभोवती मुद्दाम तापवायची आणि दोन्हींच्या कोयीजवळ तापमापकाची बारीक तार ठेवायची. प्रत्येक गटातली निम्मी फळे बियाला थोपवणाऱ्या द्रावणाने हाताळायची, निम्मी साध्या पाण्याने. बारा, चौदा आणि सोळा आण्यांवर थोडी थोडी काढायची, एकाच आढीत पिकवायची आणि कोणते फळ कोणत्या गटातले हे ठाऊक नसलेल्या माणसाकडून कापून घ्यायची, म्हणजे त्याच्या अपेक्षेचा रंग गरावर चढणार नाही. धग हेच मूळ कारण असेल तर द्रावणाने फरक पडू नये. बी हे कारण असेल तर गारव्यात वाढलेल्या, पण पूर्ण पिकू दिलेल्या फळांतही साका निघावा. आणि धगीमुळेच बी लवकर जागे होत असेल, ही तिसरी शक्यता दोन्ही पक्षांना जोडणारी आहे, तर तापवलेल्या फळांत साका वाढावा पण द्रावण दिलेल्या तापवलेल्या फळांत वाढू नये.

अलीकडे किनाऱ्यावर फेब्रुवारी-मार्चमध्येच उष्णतेच्या लाटा येऊ लागल्याने या प्रश्नाला नवी निकड आली आहे. क्ष-किरणांनी किंवा अवरक्त प्रकाशाने फळ न कापता साका ओळखण्याचे प्रयत्न झाले आहेत. ते पेटीगणिक वापरण्याइतके स्वस्त आणि खात्रीचे झाले तर प्रयोगांची गती बदलेल, कारण तेच फळ आठवड्यागणिक पुन्हा पुन्हा पाहता येईल आणि साका कोणत्या दिवशी सुरू झाला ते कळेल. तोवर मोजणीसाठी प्रत्येक फळ कापावे लागते, ते एकदाच कापता येते आणि त्यासाठी वर्षातून मिळतात हंगामाचे मोजके आठवडे.